कारंज्याचा काटा आणि मोबाइलमधला बाजार

एक

मोठ्या तंत्रज्ञान-कंपन्यांच्या मक्तेदारीची चर्चा आपल्याकडे बहुधा इंग्रजी वर्तमानपत्रांत होते आणि ती वाचताना असे वाटते, की हा प्रश्न अमेरिकेतील न्यायालयांचा, युरोपातील कायदेपंडितांचा किंवा फार तर बंगलोरच्या अभियंत्यांचा आहे. मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावाला त्याच्याशी काय कर्तव्य? प्रस्तुत लेखात मला उलट बाजू मांडायची आहे. बाजाराची जागा, काटा आणि भावाची बातमी ही तिन्ही एकाच्या हाती गेली म्हणजे काय होते, याचा अनुभव वऱ्हाडाला दीडशे वर्षांपासून आहे. त्या अनुभवातून निघालेला एक कायदेशीर तोडगाही इंझोरीच्या शेजारी, कारंज्यातच, प्रथम अमलात आला. आजच्या वादात त्या इतिहासाची कोणी आठवण काढत नाही. आपण ती काढली पाहिजे. आणि त्या तोडग्यात कोण बाहेर राहिले, हेही सांगितले पाहिजे; कारण बाहेर राहिलेले लोक आपले होते.

दोन

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला पोचेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. त्यानंतर जे घडले ते केवळ व्यापाराची वाढ नव्हती. एक संपूर्ण यंत्रणा उभी राहिली. कापूस-आयुक्ताचे पद निर्माण झाले. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोचला. त्याच सुमारास समुद्राखालून तारेची दोरी मुंबईला येऊन भिडली आणि लिव्हरपूलचा भाव काही तासांत हिंदुस्थानात कळू लागला. राली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या परदेशी पेढ्यांनी वऱ्हाडात खरेदीची ठाणी उघडली.

या पेढ्यांचे बळ केवळ भांडवलात होते असे समजणे चुकीचे ठरेल. त्यांचे खरे बळ माहितीत होते. शेतकरी बैलगाडीत बोझे घालून रात्रभर वाट तुडवीत बाजारात यायचा, तेव्हा त्याला कालचा भाव ऐकीव माहीत असायचा. समोरच्या खरेदीदाराला आजचा भाव तारेने कळलेला असायचा. सौदा रुमालाखाली बोटे दाबून व्हायचा. ज्याचा माल, त्यालाच भाव शेवटी कळायचा. मग तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय आणि ओलसरपणाचा कडता वजा जायचा. काटा व्यापाऱ्याचा, मापारी व्यापाऱ्याचा, अडत्या व्यापाऱ्याच्या मर्जीतला. वर पेरणीच्या वेळी घेतलेली उचल असल्यामुळे माल दुसऱ्या दारी नेण्याची सोय नव्हती. उचल देताना सावकार व्याजाचा शब्दही काढीत नसे, पण पीक आपल्याकडेच आले पाहिजे ही अट घालीत असे. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोठे वसूल होते, हे वऱ्हाडच्या कुणब्याला तेव्हाच कळले होते.

जिनिंग-प्रेसिंगच्या कारखानदारांनी याहून पुढची पायरी गाठली. एका गावातले कारखाने एकत्र येऊन 'पूल' करीत. सरकी काढण्याचा आणि गाठी बांधण्याचा दर सगळे मिळून ठरवीत व नफा वाटून घेत. त्यात काही कारखाने संपूर्ण हंगाम बंद राहत आणि तरीही आपला वाटा घेत. बाहेरून पाहणाऱ्याला धुराडी दहा दिसत, पण भाव एकच असे. स्पर्धा नावाला राहते आणि दर एकाच ठिकाणी ठरतो, ही युक्ती आजच्या कंपन्यांनी शोधलेली नाही.

रस्त्याचीही हीच कथा. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद लोहवाट १९०३ मध्ये सुरू झाली. कारंजा तिच्यावरचे मोठे ठाणे. लोक तिला प्रेमाने शकुंतला म्हणत. ही वाट क्लिक-निक्सन या ब्रिटिश पेढीच्या व्यवस्थेतील खाजगी कंपनीची होती. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही ती खाजगी मालकीचीच राहिली. गाडी भारतीय रेल्वेने चालवायची आणि मोबदला कंपनीला द्यायचा, असा करार अनेक दशके चालला. कापूस मुंबईला न्यायला टाकलेली वाट स्वातंत्र्यानंतरही भाडे खात राहिली. आता ती गाडी बंद आहे. ज्याने वाट टाकली त्याचे पैसे केव्हाच फिटले असले, तरी वाट ज्याच्या नावावर त्याचा हक्क संपत नाही, हा धडा मात्र टिकून आहे.

तीन

१८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने कारंजा येथे नियंत्रित कापूस-बाजार स्थापन झाला. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित शेतमाल-बाजार म्हणून त्याची नोंद होते. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे देशभर झालेल्या बाजार समित्यांच्या कायद्यांचे मूळ तेथे आहे. महाराष्ट्राचा १९६३ चा कायदाही त्याच वंशातला.

हे सरकारच्या कनवाळूपणामुळे घडले, असा भ्रम नको. मँचेस्टरला स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस वाजवी भावात हवा होता. तरीही त्यातून जे तत्त्व रुजले ते महत्त्वाचे आहे. खरेदी नेमलेल्या जागीच व्हावी, दलाल-मापाऱ्याला परवाना असावा, वजने तपासावीत, कपाती ठरलेल्या असाव्यात. थोडक्यात, बाजाराचे अंगण हे अंगणात माल विकत घेणाऱ्याच्या खाजगी मर्जीवर असू नये. काटा धरणारा आणि सौदा करणारा एकच असेल, तर काटा खोटा ठरवायला पुराव्याची गरज राहत नाही, हे या कायद्याने मान्य केले.

पण त्या बाजाराची समिती कोणाच्या हाती होती? प्रामुख्याने व्यापाऱ्यांच्या व नगरपालिकेतील प्रतिष्ठितांच्या. माल पिकविणाऱ्याला तेथे जवळजवळ जागा नव्हती आणि माल वेचणाऱ्याला तर मुळीच नव्हती. पाटीभर कापूस वेचून त्यातला वाटा किंवा चार आणे घेणारी महार-मांगाची बाई, जिनमध्ये रुईच्या धुळीत खोकणारा मजूर, वतनाच्या नावाखाली गावकी राबणारा महार हे सगळे त्या कापसाच्या प्रत्येक बोंडाला हात लावून गेलेले असत. पण कायद्याच्या भाषेत 'विक्रेता' आणि 'खरेदीदार' एवढे दोघेच होते. जमीन नाही म्हणून विक्रेता नाही, विक्रेता नाही म्हणून बाजारात उभे राहण्याचा हक्क नाही. मक्तेदारी मोडण्याचे कायदे मालकामालकांतील न्यायाचे कायदे होऊन थांबतात. हे आपण कारंज्यावरून शिकायचे आहे.

चार

आता आपल्याच शिवारातील तंत्रज्ञान-कंपनीकडे या. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीला केंद्र सरकारने परवानगी दिली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांची भागीदारीतली कंपनी हे वाण देत होती. अधिक नेमके बोलायचे तर वाणातले जनुक देत होती. पुढे देशातील डझनावारी बियाणे कंपन्यांनी तिच्याकडून परवाना घेतला. दुकानात पाकिटे शंभर नावांची, रंग शंभर तऱ्हेचे; पण आतले तंत्र एकाचेच, आणि प्रत्येक पाकिटामागे त्याची पट्टी ठरलेली. सुरुवातीच्या काळात साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाची किंमत १६०० रुपयांच्या घरात होती आणि त्यातील मोठा भाग या पट्टीचाच होता. जिनच्या 'पूल'ची ही सुधारलेली आवृत्ती नव्हे काय?

२००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी प्रतिबंधक आयोगाकडे दाद मागितली आणि त्यानंतर राज्यांनी पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आणली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीचा स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने दर-नियंत्रणाचा आदेश काढला. पट्टी ४९ रुपयांवर आली, पुढे आणखी उतरली आणि अखेर शून्य झाली. म्हणजे शासनाने मनावर घेतले, तर जागतिक कंपनीची पट्टीही खाली येते. 'तंत्रज्ञानाला हात लावू नका, नाहीतर प्रगती थांबेल' हा युक्तिवाद तेव्हाही झाला होता.

परंतु किंमत उतरली म्हणून सत्ता उतरली असे झाले नाही. तोपर्यंत देशी वाणे शेतातून गेली होती. नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र एकाच तंत्राखाली आले होते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली, कारण अळीने त्या तंत्रावर मात केली होती. शेतकऱ्याच्या हाती मात्र दुसरा पर्याय उरला नव्हता. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. पाठीवर पंप घेणारा बहुधा शेताचा मालक नसतो. मक्तेदारीचा खरा तोटा केवळ जादा किमतीत मोजता येत नाही. तो पर्याय नाहीसे होण्यात असतो, आणि पर्याय नाहीसे झाल्यावर जोखीम सगळ्यांत खालच्या माणसाच्या पाठीवर येते.

पाच

मोबाइलमधल्या बाजाराचे स्वरूप याहून निराळे नाही, फक्त अधिक पूर्ण आहे. राली ब्रदर्सकडे तार होती, पण तार त्यांच्या मालकीची नव्हती. क्लिक-निक्सनकडे वाट होती, पण काटा नव्हता. आजच्या कंपनीकडे वाट, अंगण, काटा, भावफलक आणि स्वतःचे दुकान ही पाचही एकत्र आहेत.

गुगल आपल्याकडून शोधाचे पैसे घेत नाही; मेटा व्हॉट्सॲपचे पैसे घेत नाही. मेटाचे जवळजवळ सर्व आणि गुगलचे सुमारे तीन-चतुर्थांश उत्पन्न जाहिरातींतून येते. म्हणजे आपण गिऱ्हाईक नसून आपले लक्ष हा माल आहे. प्रतिस्पर्धी उभा राहू लागला तर तो विकत घेता येतो: २०१२ मध्ये इन्स्टाग्राम, २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप. अमेरिकन सरकारने याविरुद्ध दावा लावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने तो सिद्ध झाला नाही असा निकाल दिला. गुगलच्या बाबतीत मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने शोधयंत्रातील मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचे मान्य केले. आपले शोधयंत्र दर्शनी जागी राहावे म्हणून एकट्या २०२२ साली गुगलने ॲपल कंपनीला सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचे त्या खटल्यात उघड झाले. वेशीवरची जागा विकत घेतली, की मागून येणाऱ्याला गावात शिरायला वाट राहत नाही.

आपल्या स्पर्धा आयोगानेही हा प्रश्न हाताळला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गुगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड झाला आणि तो अपिलात कायम राहिला. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या 'मान्य करा नाहीतर सोडा' धोरणाबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी १४ लाखांचा दंड झाला. त्याआधी फेसबुकने गरिबांना फुकट इंटरनेट देण्याची योजना आणली होती. फुकट, पण फेसबुकने निवडलेल्या दारांपुरते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामकाने असे भेदभावाचे दर बंद केले. गरिबाच्या नावाने आलेली उचल नाकारण्याचा हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

येथे आपल्यातीलच काही मंडळी आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात : या कंपन्यांनी आपल्याला जे दिले ते इथल्या प्रस्थापितांनी कधी दिले नसते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. आज भीमजयंतीची मिरवणूक, आंबेडकरी जलसा, अत्याचाराची बातमी कोणत्याही संपादकाच्या पाया न पडता लाखो लोकांपर्यंत जाते. ॲपवर माल मागवताना कोणी जात विचारीत नाही. जातीच्या बाजारापेक्षा भांडवलाचा बाजार बरा. दलित भांडवलदारीचा पुरस्कार करणाऱ्यांची भूमिकाही याच दिशेची आहे.

यातील सत्य नाकारण्यात अर्थ नाही. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. जी पुस्तके माझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नव्हती ती माझे विद्यार्थी आज मोबाइलवर वाचतात, याचा मला आनंदच आहे. परंतु प्रश्न दार उघडे आहे की नाही एवढाच नाही. दाराची किल्ली कोणाकडे आहे हा आहे. 'केसरी'ने नकार दिला तेव्हा तो नकार दिसला, त्यावर लिहिता आले, इतिहासात त्याची नोंद झाली. आज एखादी ध्वनिफीत किंवा लेख कोणाला दाखवायचा आणि कोणाला नाही, हे दूरचे गणित ठरवते. नकार दिल्याचे कळतही नाही. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात वृत्तसंस्थेचा प्रश्न काढला होता. बातम्या वाटणारी मुख्य संस्थाच एका वर्गाच्या माणसांनी भरलेली असेल, तर अस्पृश्यांची बातमी जगाला पोचणार कशी, असा त्यांचा सवाल होता. वर्तमानपत्र काढण्यापलीकडे, बातमीच्या वितरणाची मालकी कोणाकडे, इथपर्यंत त्यांची नजर गेली होती. विदर्भात किसन फागुजी बनसोडे यांनी १९१० पासून 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' ही पत्रे काढली. हाती पैसा नसताना पत्र काढण्याचा हा अट्टहास हौसेचा नव्हता. परक्याच्या ओट्यावर बसून फार काळ बोलता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आणि ॲप जात विचारीत नाही, हेही पुरते खरे नाही. आडनाव, पत्ता, वस्ती, शाळा यांतून जात आपोआप नोंदली जाते. आमच्या भागातली मुले पुण्या-मुंबईला जाऊन दुचाकीवर पार्सले पोचवतात. त्यांचा मालक त्यांना दिसत नाही. दिसतात ते तारे. तारे कमी झाले, की एके सकाळी 'आयडी' बंद. का बंद, याचे उत्तर देणारा माणूस नाही. कागदोपत्री ती मुले कामगारही नाहीत, 'भागीदार' आहेत. गावकीत महाराला वतनदार म्हणत, त्या शब्दाची येथे आठवण होते. नाव मानाचे, काम वेठीचे.

सहा

१२ फेब्रुवारी १९३८ रोजी सुरू झालेल्या मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्यांतील एकाला दुसऱ्याविरुद्ध मित्र मानण्याचा मोह आपल्याला वारंवार होतो. १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे म्हटले, आणि त्यामागची कारणमीमांसा आजही ताजी आहे : राज्याचा हात काढून घेतला म्हणजे माणूस मोकळा होतो असे नाही, तो खाजगी मालकाच्या हुकमतीखाली जातो.

म्हणून सगळे राज्याकडे सोपवले की झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१६ पासून 'यूपीआय' ही सार्वजनिक वाट आहे. पण त्या वाटेवरची सुमारे चार-पंचमांश वाहतूक फोनपे आणि गुगल पे या दोन गाड्यांत आहे. एका कंपनीचा वाटा तीस टक्क्यांवर जाऊ नये हा नियम २०२० मध्ये ठरला. त्याची मुदत पुढे ढकलत २०२६ च्या अखेरपर्यंत नेली. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कपास निगमला हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. महाराष्ट्रात २०२५ पासून शेती योजनांसाठी 'ॲग्रिस्टॅक'चा शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो सातबाऱ्यावर आधारलेला आहे. मग ठोक्याने शेती करणारा, बटईदार, शेतमजूर बाई, गायरानावर दोन पिढ्या कसणारा यांचे काय? १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांसाठी लाखो लोक तुरुंगात गेले. त्यांच्या नातवंडांना यंत्र आज पुन्हा तेच सांगते, की तुमची नोंद सापडत नाही. कारंज्याच्या बाजारात १८८६ साली जो बाहेर होता, तो आजही बाहेरच आहे. फरक इतकाच, की तेव्हा बाजाराला कुंपण होते आणि ते दिसत होते.

तेव्हा आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. पहिली, कारंज्याचे जुने तत्त्व मोबाइलमधल्या बाजाराला लावा : अंगण चालविणाऱ्याने अंगणात स्वतःचे दुकान मांडू नये, काट्याची तपासणी त्रयस्थाने करावी, कपात आधी जाहीर करावी, व्यापाऱ्याला, कलावंताला, वाचकाला आपली खातेवही उचलून दुसऱ्या दारी जाता यावे. मोठ्या कंपन्यांवर आधीच बंधने घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यावर उद्योगसंघटनांनी निवेदने दिली. आपल्या संघटनांनी किती दिली?

दुसरी मागणी अधिक महत्त्वाची, कारण ती आपल्याशिवाय कोणी करणार नाही. समितीवर वेचणाऱ्याची जागा. पार्सल पोचविणाऱ्याचा 'आयडी' बंद करायचा तर लेखी कारण आणि अपील. ओळख क्रमांक जमिनीच्या मालकीवर नव्हे, जमिनीवरच्या श्रमावर. गणित कोणाला वर आणि कोणाला खाली ढकलते याच्या तपासणीत जातीचा निकष. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा करून निदान सुरुवात केली आहे.

हे काम तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्या गावात कोणाचा ओळख क्रमांक निघाला आणि कोणाचा नाही, याची यादी करावी. शिक्षकांनी बाजार समितीचा कायदा आणि मोबाइलवरचा करारनामा शेजारी ठेवून वर्गात वाचावा. कार्यकर्त्यांनी 'आयडी' बंद झालेल्या मुलांची संघटना बांधावी. इंझोरीतून एक यादी, मानोऱ्यातून दहा, वाशिम जिल्ह्यातून शंभर निघाल्या, तर त्या यादीला कोणत्याही कंपनीच्या गणितापेक्षा अधिक वजन येईल. कारण काटा खोटा आहे हे सिद्ध करण्याचा सर्वांत जुना मार्ग एकच आहे : आपले वजन आपण करून ठेवणे.